दोन विहिणी, दुपारचं विमान

रविवार, ८ नोव्हेंबर १९६४, अकोला

ही डायरी जिनिंगवाल्यांनी यांच्या नावानं पाठवली होती. हे जाऊन वर्ष झालं, पण तिथं कुणी सांगितलं नसावं. जानेवारीपासून फडताळात कोरीच पडून होती. मी चौथी शिकलेली, किराण्याच्या यादीपलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण आज जे झालं ते बोलावं असं घरात कुणी नाही. माझी लेक जमुना म्हणायची, माय, लिहिताना शाळेतलं लिहीत जा. तसंच लिहिते.

दुपारी दारात एक बाई आली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, चपलांवर एस. टी. स्टँडची धूळ. माझा मुलगा केशव ओसरीवर होता. मी आत डाळ निवडत होते.

"मी सुंदराबाई. धर्मपालची माय. अमरावतीवून आली."

सहा वर्षांत हे नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. धर्मपाल माझा जावई. जमुना नागपूरला शिकत होती, तिथं तिनं त्याच्याशी कोर्टात लग्न केलं. ते लोक बौद्ध झालेले, आम्ही कुणबी. यांनी त्या दिवशी पोरगी मेली म्हणून सांगितलं आणि आंघोळ केली. मला कुणी विचारलं नाही.

"काय काम हाय?" केशव म्हणाला.

"जमुना दवाखान्यात हाय, दिल्लीले. आठवा सरत आला. आंगावर सूज हाय, डोळ्यापुढं अंधारी येते. याच्या आधीचे दोन हाती लागले नाई. डॉक्टरीन म्हंते, घरचं बाईमानूस जवळ पाह्यजे. ती मायले बलावते."

"माय घरी नाई."

मी तोवर उठून पडद्यामागं उभी होते. पडद्याखालून माझे पाय दिसत असणार. त्या बाईनं पायांकडं पाहिलं, मग केशवकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "आल्या की सांगजा. बडनेरा रस्त्याले पोरांचं वसतिगृह हाय, तिथं मी सैपाक करतो. कोनीही घर दाखवते."

ती गेली. मी बाहेर आले. केशवनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "दिल्ली का इथं हाय? दोन राती गाडीत. तुह्या गुडघ्यानं देवळाच्या पायऱ्या चढनं होत नाई."

त्याचं म्हणणं खोटं नाही. गुडघे दुखतातच.

सोमवार, ९ नोव्हेंबर

झोप नाही. यांच्या मातीला जमुना आली नव्हती. तार केली होती म्हणे, तरी आली नाही. ते माझ्या मनातून गेलेलं नाही. आता मी का जाऊ, असंही एकदा मनात येऊन गेलं. लिहिते कारण आलं होतं.

मंगळवार, १० नोव्हेंबर

शेजारच्या पार्वताबाईचे मालक रेल्वेत होते. त्यांना दिल्लीची गाडी विचारली. त्यांनी सगळं सांगितलं, नागपूरला बदला, तिथं कितीक वेळ थांबा, मग इटारसी, भोपाळ, झाशी. शेवटी हसून म्हणाले, "नाईत इमानानं जा, बाई. हैदराबादेवून येते, नागपुरात उतरते, अन् अडीच-तीन तासांत दिल्ली."

ते थट्टेनं बोलले. मी थट्टेनं ऐकलं नाही.

रात्री जेवताना केशवला सांगितलं की मी विमानानं जाणार. माझी सून माणिकबाई वाढत होती. तिच्या हातून पळी सुटून खाली पडली.

"इमान पडते," केशव म्हणाला.

"गाडीबी रुळावरून उतरते."

"माय, तुले समजत काहून नाई? जमुनाच्या लग्नानंतर दोन वरीस आपल्या पंगतीले कोनी आलं नाई. बाबानं किती सोसलं. आता कुठं लोक इसरून राहिले."

"लोकाइले इसरू दे. मले आठोते."

तो ताटावरून उठला. मग दारातून बोलला, "गेली त या घरात पाय ठेवू नको."

मी म्हटलं, "घर कोनाच्या नावावर हाय ते आधी तहसिलीत जाऊन पाहून ये."

मग त्याचं उष्टं ताट उचललं. 

गुरुवार, १२ नोव्हेंबर

माहेरच्या पाटल्या सोनाराकडं देऊन आले. पुरेसं आहे. त्या माझ्या आईनं मला दिल्या होत्या, माझ्या पोरीपायी गेल्या. कुणाला विचारायचं कारण नाही.

माणिकबाईचं काही कळत नाही. दोन दिवस भांडी आपटते आहे. आज मला म्हणाली, "आत्याबाई, दिल्लीले थंडी लय असते म्हंते. तुमची शाल त पार इरली." म्हणजे म्हातारी थंडीनं मरेल, जाऊ नका. मी उत्तरच दिलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा जमुनाच्या गळ्यात गळा घालून असायची. दोघी एका वयाच्या. जमुना गेल्यावर हिच्या तोंडून तिचं नावही ऐकलं नाही. माणसं अशी बदलतात.

शनिवार, १४ नोव्हेंबर, अमरावती

आले.

नशिबानं साथ दिली. काल संध्याकाळी माणिकबाईनं केशवला सांगितलं की बार्शीटाकळीच्या वावरातून कापूस चोरीला जाऊन राहिला, गडी काही बोलत नाही, तुम्हीच जाऊन चार रात्री राहा. तो पहाटेच बैलगाडी घेऊन गेला. मी उजाडताच निघाले. माणिकबाई अंगणात सडा टाकत होती. तिनं मान वर केली नाही. स्टँडवर पिशवी उघडली तर वर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक नवी कोरी लोकरीची शाल. पार्वताबाईनं ठेवली असणार. तिला मी निघायची वेळ सांगितली होती. भली बाई आहे.

मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला बस येईपर्यंत उन्हं चांगलीच चढली. वसतिगृह सापडलं, मागं सुंदराबाईचं घर. दोन खोल्या, कुडाला पांढरी माती, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. सुंदराबाई चुलीपुढं होती. मला पाहून ती उठली नाही. एवढंच म्हणाली, "या. बसा."

मी बसले.  मग तिनं ताट वाढलं. भाकर, अंबाडीची भाजी, कांदा. मी घास मोडला आणि हात थांबला. खोटं कशाला लिहू. पन्नास वर्षांची सवय त्या हातात होती.

सुंदराबाईनं ते पाहिलं. शांतपणे म्हणाली, "उपास असन त सांगा, इहीनबाई. मी समजतो."

तिनं मला सुटायला वाट करून दिली होती. त्याचाच राग आला, तिचा नाही, माझा.

"उपास नाई," मी म्हटलं आणि जेवले. दुसरी भाकर मागून घेतली. भाजीत मीठ जरा जास्त होतं. तेही सांगितलं.

ती पहिल्यांदा हसली. "सूनबाईबी हेच म्हंते."

मग मी तिला विमानाचं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, "तुमी जा. मी गाडीनं येतो मागून."

"दोघी जाऊ."

"माह्या जवळ तेवढं नाई."

"माह्या जवळ हाय."

"मी कोनाचं घेत नाई," ती म्हणाली.

"मीबी कोनाच्या घरी जेवत नाई," मी म्हटलं. "आज जेवली ना?"

मंगळवार, १७ नोव्हेंबर, नागपूर

सोनेगावच्या विमानतळावर बसून लिहिते आहे. विमानाला उशीर आहे. मोठी काचेची खोली, गुळगुळीत फरशी. सामान तोललं, मग आम्हालाही काट्यावर उभं केलं. सुंदराबाई म्हणाली, "बाजारात कापूस मोजते तसं मोजून राहिले."

एक कोटवाला गृहस्थ शेजारी बसला होता. यवतमाळकडचा जमीनदार असावा. त्यानं सुंदराबाईच्या लुगड्याकडं, पिशवीकडं पाहिलं आणि मला विचारलं, "ही बाई तुमच्याकडे कामाला आहे का?"

सुंदराबाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिला सवय असावी, म्हणून मला जास्तच लागलं.

"माही इहीन हाय," मी म्हटलं. "माह्या जावयाची माय. आमचा जावई दिल्लीच्या विमानतळावर बिनतारीवर असते. इमान कुठून जाईन ते तो सांगते."

हे कितपत बरोबर ते मला माहीत नाही. धर्मपाल तिथं नोकरीला आहे एवढं खरं. पण तो गृहस्थ दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

"एवढं नोयतं सांगाचं," सुंदराबाई म्हणाली. "तो नुसता निरोप घेते अन् देते."

"त मंग खोटं काय सांगतलं?"

बुधवार, १८ नोव्हेंबर, दिल्ली

काल उतरल्यावर लिहायला जमलं नाही.

विमान बाहेरून मोठं दिसतं, आत शिरलं की एस. टी.एवढंच. एका गोऱ्या पोरीनं पट्टे बांधले. तबकात गोळ्या आणि कापसाचे बोळे आणले, कानात घालायला. सुंदराबाई म्हणाली, "घ्या. वऱ्हाडच्या बायाइले कापूस वाटून राहिली." मी हसले, आणि हसता हसता विमान सुटलं. जमीन खाली गेली. सुंदराबाईनं डोळे मिटून माझा हात धरला. चुलीपुढं एवढी ताठ बसणारी बाई, तिच्या हाताला घाम आला होता. तिचे ओठ बुद्धाचं नाव घेत होते, माझे पांडुरंगाचं. दोघींचंही कुणीतरी ऐकलं असेल.

कान दुखले. गुडघे दुखले नाहीत. त्या पोरीनं पाव आणून दिले, ते घशाखाली उतरेनात. सुंदराबाईनं पिशवीतून भाकर-ठेचा काढला. पुढच्या बाकावरचा एक सरदारजी ठेच्याच्या वासानं वळून पाहू लागला. त्यालाही दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं सगळा खाल्ला.

केशव दोन रात्री म्हणत होता. जेवून दुपारची एक झोप काढावी एवढाच वेळ लागला.

धर्मपाल उतरायच्या जागी उभा होता. काळासावळा, चष्मा, दाढी वाढलेली. आईच्या पाया पडला, मग माझ्यापुढं येऊन थांबला. पडावं की नाही ते त्याला कळेना. मी म्हटलं, "बावा, पोरीकडं चाल आधी."

दवाखान्यात जमुना भिंतीकडं तोंड करून पडली होती. हातपाय सुजलेले. मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं. मला वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल.

"आली?" ती म्हणाली. "बाबाच्या वेळेस त नाई बलावलं."

माझं डोकं फिरलं. इतक्या लांबून आले आणि हे. मी म्हटलं, "तार केली होती. तूच नाई आली."

तिनं चादर छातीपर्यंत ओढली. मग हळू आवाजात बोलली, "मी आली होती, माय. तवा आमी नागपुरातच राहत होतो. अकोल्याच्या टेसनावर. दादा आला होता. मनला, मायनं सांगतलं, तिचं तोंड नाई पाह्याचं. बाकड्यावर दिवसभर बसली मी. सांजच्या गाडीनं परत गेली. वहिनीनंच त..." ती थांबली.

"वहिनीनं काय?"

"काही नाई. डबा पाठोला होता तिनं."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. मी तिला तेवढंच सांगितलं. दुसरं काही सांगायची ती वेळ नव्हती. नर्स आली आणि रक्तदाब वाढेल म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

वऱ्हांड्यात सुंदराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं पाहताच कळलं, तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

"मले कावून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"तुमचा पोरगा हाय," ती म्हणाली. "मी कसं सांगू?"

शनिवार, २१ नोव्हेंबर

रात्री जमुनाला झटके आले. पोट फाडून मूल काढावं लागलं. डॉक्टरणीनं आधी धर्मपालला विचारलं की दोघांतलं एकच वाचवायची वेळ आली तर. तो उभ्या उभ्या पांढरा पडला. मी पुढं झाले आणि म्हटलं, "दोघाइले वाचवा. येक-येक काय विचारता." डॉक्टरीण मराठी नव्हती. तिला कळलं असावं.

मुलगी झाली. इवलीशी, चिमणीच्या पिलाएवढी. कापसात गुंडाळून काचेच्या उबदार पेटीत ठेवली आहे. जमुना अजून शुद्धीवर नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर

जमुनानं डोळे उघडले. सुंदराबाई उशाशी, मी पायथ्याशी. तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. तिचा हात अंगावर घातलेल्या शालीवर गेला. मग म्हणाली, "माय, शाल कोनाची?"

"पार्वताबाईनं देली."

ती शालीचा काठ बोटांनी चाचपत राहिली. "हा काठ वहिनी इनते," म्हणाली.

झाली असेल मदत पार्वताबाईला. माणिकबाईला विणकाम येतं हे खरं.

रविवार, ६ डिसेंबर

दवाखान्यातून जमुनाच्या घरी आलो. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या आणि पुढं जरासं अंगण. विमानं अगदी डोक्यावरून जातात. पोरगी आता दूध ओढते आहे. आज बाबासाहेबांचा दिवस. सुंदराबाईनं तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. मी हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी केशवची तार आली. लगेच ये, लोक बोलतात. उत्तर पाठवलं नाही. लोक बोलतातच. ते बोलतील म्हणून माझ्या पोरीला दिवसभर स्टेशनवर बसवलं. आता बोलू दे पोटभर.

रविवार, १३ डिसेंबर

आज केशव आला.

सकाळी दार वाजलं. उघडलं तर तो, आणि त्याच्यामागं माणिकबाई. इंजिनाची काजळी दोघांच्या तोंडावर. दोन रात्री बसून आला. थंडीनं ओठ फुटलेले.  मुलगा आहे. पण बाजूला झाले नाही, दारातच उभी राहिले.

"चाल घरी," तो म्हणाला.

"बापाच्या मातीले जमुना आली होती," मी म्हटलं. "तू तिले काय सांगतलं होतं?"

तो खाली पाहू लागला. "माय, त्या टाइमाले सगळे भाऊबंद दारात होते. ती आली असती त बाबाले खांदा द्याले कोनी राह्यलं नसतं."

हे मला ठाऊक नव्हतं. तो एकटाच ते पोटात घेऊन बसला होता. वाईट वाटलं. तरी म्हटलं, "मंग आपन घरच्या चौघाइनं देला असता. माह्या नावानं खोटं कावून बोलला?"

त्यानं खांद्यावरची वळकटी खाली ठेवली.

"आता आयक," मी म्हटलं. "पोरगी तीन महिन्यांची झाली की मी घरी येईन. येकटी नाई येनार. जमुना येईन, जावई येईन, इहीनबाई येईन. महिनाभर राह्यतीन, माह्या हातचं जेवतीन. ज्याले आपल्या पंगतीले याचं नाई त्यानं येऊ नये. तुले पटत नसन त तू वावरातल्या घरी राहा. अन् आता अंदर ये, जेव."

सुंदराबाईनं ताटं मांडली. वरण, भात, भाकर. केशव उंबऱ्याच्या आत आला आणि तिथंच खांबासारखा उभा राहिला. जमुना पोरीला घेऊन खाटेवर बसली होती.  ताटातून वाफ येत होती.

माणिकबाईनं हात धुतले. पदर खोचला. नवऱ्याकडं एकदाही न पाहता पाटावर बसली, ताट पुढं ओढलं आणि खाऊ लागली. सुंदराबाईला म्हणाली, "मावशी, मीठ जरा कमी हाय." सुंदराबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. जमुना हसता हसता रडायला लागली.

या बाईच्या डोक्यात काय येतं ते देवाला ठाऊक. दोन दिवसांची भुकेली असेल.

केशव जेवला नाही. पाणी तेवढं प्याला, सुंदराबाईच्या हातचं. मग अंगणात जाऊन बसला. धर्मपाल कामावरून आला, तोही बाहेर थांबला. दोघं बराच वेळ भिंतीच्या दोन टोकांना. मी आत पोरीला तेल लावत होते. खिडकी उघडी होती.

एक विमान खाली उतरत आलं. त्याचा आवाज विरल्यावर केशव बोलला. धर्मपालशी त्याचं हे आयुष्यातलं पहिलं बोलणं.

"नागपुराले किती टाइम लागते याले?"

"अडीच घंटे," धर्मपाल म्हणाला. "वारं उलटं असलं त पावनेतीन."

"माय भेली नाई?"

"इचारलं नाई मी."

केशवनं वर आभाळात पाहिलं. मग म्हणाला, "मले त भेव वाटते."

"मलेबी वाटते," धर्मपाल म्हणाला. "मी बसलोच नाई कधी."

मी खिडकी लावली नाही.  पोरीचे पाय तेलानं चोळत राहिले.